जड असतं ते बुडतं

२ सप्टेंबर, शाळा सुटल्यावर

ताई,

"तुला काय दिसलं ते सांग. मला काय हवंय ते सांगू नकोस."

हे वाक्य तुझं. तू अकरा वर्षांची होतीस, मी सहा. शाळा-शाळा खेळताना तू नेहमी बाई असायचीस आणि मी सगळा वर्ग. पाण्याच्या पेल्यात पेन्सिल उभी करून तू विचारलंस, कशी दिसते? मी म्हटलं, सरळ. मला ती वाकडी दिसत होती. पण पेन्सिल सरळ असते हे मला ठाऊक होतं आणि तुला बरोबर उत्तर आवडतं हेही ठाऊक होतं. तू टेबलावर पट्टी आपटलीस आणि हे वाक्य म्हणालीस. मी रडले. मग पुन्हा पेल्यात पाहिलं आणि म्हटलं, मोडलीय. तेव्हा तू मला वर्गाची मॉनिटर केलंस. वर्गात मी एकटीच होते, तरी.

मी बाई झाले ती त्या वाक्यामुळे. तुला हे कधी सांगितलं नव्हतं, आणि आज सांगतेय ते कौतुक म्हणून नाही.

आज आम्हा पहिली-दुसरीच्या शिक्षकांना प्रशिक्षणाला बोलावलं होतं. मोठा हॉल, पुढे पडदा. विषय, 'हाताने शिकणं'. प्रशिक्षक तरुण होता, उत्साही होता, त्याचा दोष नाही. त्याने तुझा व्हिडिओ लावला. तोच, तुझ्या शिक्षण कार्यालयाचा 'आदर्श पाठ'. माझा वर्ग, माझा निळा टब, हँगरला दोन कप टांगून केलेला माझा तराजू. आणि टबापाशी थांबा.

थांबा तुला आठवत असेलच. तिचं खरं नाव हजेरीत आहे, पण काहीही विचारलं की ती आधी "बाई, थांबा" म्हणते, म्हणून सगळी तिला थांबा म्हणतात. पडद्यावर ती मातीचा गोळा हातात घेते, कॅमेऱ्याकडे बघते आणि म्हणते, "जड असतं ते बुडतं." मग वकील, म्हणजे प्रत्येक गोष्टीवर वाद घालणारा आमचा एक मुलगा, पुढे येतो, त्याच मातीची वाटी करून पाण्यावर सोडतो, वाटी तरंगते, आणि तो म्हणतो, "नाही, ते आकारावरही असतं." मग संगीत.

हॉल हसला. वाईट हसू नव्हतं ते, लहान मुलांना हसतात तसंच होतं. पण प्रशिक्षकाने व्हिडिओ मागे नेला, थांबाच्या चेहऱ्यावर थांबवला, तोंड अर्धवट उघडं, आणि म्हणाला, "हा चेहरा लक्षात ठेवा. असे चेहरे तुमच्या प्रत्येकाच्या वर्गात आहेत. यांच्यापर्यंत आपल्याला पोचायचंय."

मी उभी राहिले. म्हटलं, मी या मुलीची बाई आहे. पुढचं वाक्य माझ्या जिभेवर होतं. तेवढ्यात तो म्हणाला, "अरे वा! मग बाईंसाठी जोरदार टाळ्या." आणि सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या, ताई. मी टाळ्या खाल्ल्या आणि खाली बसले.

ते पुढचं वाक्य आता लिहिते. मातीचा शोध थांबाने लावला होता. वकिलाने नाही. तुला हे माहीत आहे, कारण तू यायच्या आधीच मी तुला फोनवर सांगितलं होतं, आणि तू म्हणाली होतीस, "काय सांगतेस, मला हे शूट करायचंय."

तो व्हिडिओ मागे घे. फोनवर तू कायम मीटिंगमध्ये असतेस, म्हणून पत्र. तुझी लेक तुझ्या हातात देईल.

धाकटी


११ सप्टेंबर, मधल्या सुट्टीत

ताई,

तुझा निरोप ऐकला. मागे चमच्याचा आवाज येतोय, म्हणजे जेवता जेवता बोललीस. तुझे शब्द जसेच्या तसे लिहिते, म्हणजे तुलाही ते एकदा कागदावर दिसतील: "अगं, आधी चूक दाखवल्याशिवाय शोध दिसत नाही. तो पाठाचा आकृतिबंध आहे. आणि तिचा चेहरा भोळा आहे, लोकांना आवडतो. नाव कुठे घेतलंय तिचं? तू फार मनाला लावून घेतेस."

भोळा चेहरा. ताई, ती विचार करत असते तेव्हा तिचं तोंड उघडं राहतं. माझंही राहायचं. तू त्याला माशी जाईल म्हणायचीस.

तू तिथे नव्हतीस त्या दिवशी काय झालं ते नीट सांगते, कारण फोनवर तू अर्धंच ऐकलंस. सगळ्यांनी टबात काय काय टाकून पाहिलं होतं. बूच, खडा, किल्ली, खोडरबर. सगळ्यांचं एकमत झालं, जड ते बुडतं, हलकं ते तरंगतं. थांबाचंही तेच मत होतं, मी नाही म्हणत नाही. मग तिने मातीचे दोन गोळे केले. हँगरच्या दोन कपांत ठेवून पाहिले. एक खाली गेला तर त्यातली चिमूट काढून दुसऱ्याला लावायची, असं करत बसली. दांडी सरळ होईपर्यंत. वकील तिला म्हणाला, "ए, दुकान काढणारेस का?" तिने लक्ष दिलं नाही. मग एका गोळ्याची वाटी केली आणि पुन्हा कपात ठेवली. दांडी सरळच. तिने ती माझ्याकडे वळून दाखवली. मग दोन्ही पाण्यात सोडले. गोळा तळाला, वाटी वर. ती बराच वेळ बघत राहिली. सगळी खेळायला पळाली. ती म्हणाली, "बाई, थांबा. हे दोघं सारखे जड आहेत. मग एकटा जडपणा नाही बुडवत."

एकटा जडपणा नाही बुडवत. सात वर्षांची मुलगी. मला कुणी हे शिकवलं नव्हतं, मी वाचून पाठ केलं होतं.

आणि मग तू आलीस. कॅमेरावाला, दिवे, गळ्यात ओळखपत्र. सगळ्यांसमोर मला "अहो बाई" म्हणालीस, ठीक आहे, कामाच्या जागी कामाची भाषा. थांबाला दोनदा बोलायला लावलंस. तिने दोन्ही वेळा आधी "थांबा" म्हटलं आणि मग थांबली. कॅमेरावाला म्हणाला, "मॅडम, ही पोरगी मेमरी कार्ड भरेल, पण बोलणार नाही." सगळे हसले. तू घड्याळ बघितलंस आणि वकिलाकडे वळलीस. त्याला वाटी दिलीस, त्याला वाक्य दिलंस. वकील काय, त्याला तुम्ही उद्या पंतप्रधानांचं भाषण द्या, तेही बिचारा म्हणेल. आणि थांबाचं हिरमुसलेलं तोंड बघून, तुझ्या मनात वाईट नव्हतं हे मला माहीत आहे, तू म्हणालीस, "तुलाही काम देते हं. तू चुकीचं सांगायचं."

तिने पहिल्यांदा काय सांगितलं आठवतंय? "दगड पोहतो." तू म्हणालीस, "नाही नाही, असं कोण चुकतं? मुलं खरंच चुकतात तसं चूक." ती विचारात पडली. मग म्हणाली, "जड असतं ते बुडतं?" आणि तू टाळी वाजवलीस. "वा, किती छान चुकलीस!" तिचा चेहरा उजळला, ताई. मी अगदी समोर होते. उजेड कमी पडत होता म्हणून पांढरा थर्माकोल हातात धरून उभी होते, आणि तिच्या चेहऱ्यावर जो उजेड पडलाय तो मीच पाडलाय.

मी का बोलले नाही, असं तू विचारशील. आदल्या दिवशी तू म्हणाली होतीस, "हा पाठ गाजला ना, तर तुझा तो हाताचा कोपरा कुणी हलवणार नाही." टब, तराजू, मणी, काड्यांचे गठ्ठे असं ते एक टेबल. हेडसर दर वर्षी म्हणतात, इथे कपाट बसेल. पाठ गाजला. आता कोपऱ्यावर पाटी आहे, बाहेरून लोक बघायला येतात. कपाट व्हरांड्यात गेलं. तू शब्द पाळलास, हे मी मान्य करते. ते मान्य करताना मला स्वतःचा जेवढा राग येतो तेवढा तुझाही येतो, म्हणून दोन्ही एकाच पत्रात लिहिते.

तिच्या आईला काही कळलेलं नाही. ती कपडे इस्त्री करून देते. दुकानात येणाऱ्या प्रत्येकाला मोबाईलवर पोरीचा व्हिडिओ दाखवते. काल मला म्हणाली, "बाई, एवढ्या पोरांत हिलाच घेतलं, तुमचे उपकार." मी हसले. हात दाखवून अवलक्षण.

व्हिडिओ काढ. तो काढला नाहीस तर निदान वाक्यं बदलून पुन्हा कर. यात कठीण काय आहे?


२६ सप्टेंबर

ताई,

तू उत्तर दिलं नाहीस, ते एका परीने बरंच झालं, कारण मागच्या पत्रात मी ज्यावरून भांडत होते ते फारच छोटं होतं हे मला आता कळलंय.

गणितमाळ तुला माहीतच आहे, शंभर मण्यांची, दहा लाल दहा पांढरे. मी एक आकडा सांगते, मुलं मोजून तिथे कपड्याचा चिमटा लावतात, मग मोठ्याने आकडा म्हणून फळ्यावर लिहितात. सोमवारी थांबाला एकोणतीस दिला. तिने चिमटा लावला. मग मोठ्याने म्हणाली, "एकोणतीस", आणि फळ्यावर ३९ लिहिलं.

मी सावध झाले नाही. ही चूक आपल्याकडे प्रत्येक पिढी करते. एकोणतीस म्हणताना कानाला 'तीस' ऐकू येतं, मग हात तिनाकडे जातो. मी पुढे गेले. दुसऱ्या दिवशी पंचवीस विचारले, तिने ५२ लिहिले. तीही ओळखीची चूक, पाच आधी म्हणायचा आणि नंतर लिहायचा, पोरांनी करावं तरी काय. तिसऱ्या दिवशी वजाबाकी. बेचाळीसमधून सतरा. तिने पस्तीस उत्तर काढलं. दोनातून सात जात नाहीत म्हणून सातातून दोन. सगळी करतात.

पण ती करत नव्हती. मागच्या महिन्यापर्यंत एकदाही करत नव्हती. आणि मग मला माळेवरचा चिमटा आठवला. तो बरोबर एकोणतिसाव्या मण्यानंतर होता. मी त्या दिवशी तो स्वतःच्या हाताने काढला होता.

मी तिला काड्या दिल्या. दहाचे चार गठ्ठे आणि दोन सुट्या. म्हटलं, यातून सतरा मला दे, न बोलता. तिने एक गठ्ठा सोडला, सुट्यांत मिसळला, सतरा मोजून माझ्या हातात ठेवल्या. समोर दोन गठ्ठे आणि पाच सुट्या. म्हटलं, किती उरल्या? तिने त्यांच्याकडे बघितलं. माझ्याकडे बघितलं. म्हणाली, "पस्तीस."

"थांबा, खरं सांग. किती आहेत?"

"खरं सांगू?"

"हो."

"पंचवीस."

"मग पस्तीस का म्हणालीस?"

तिने माझ्याकडे असं बघितलं, जसं आपण विसरभोळ्या माणसाकडे बघतो. "बाई, चुकीचं मी सांगायचं ना? मग बाकीचे बरोबर सांगतात."

मी खाली बसले, तिच्या बाकाच्या उंचीला. विचारलं, "रोज?"

"हो. पण सोप्पं नसतं बाई. कसंही चुकून चालत नाही. खरंच चुकतात तसं चुकावं लागतं. मग मी वकिलाचं बघते, तो कुठे चुकतो ते. पंचवीसचं त्याचंच आहे."

मी हसले, ताई. देवाशपथ हसू आलं. नीट विचार कर, ती मुलगी काय करतेय. प्रत्येक गणित आधी बरोबर सोडवते. मग इतर मुलं तिथे कशी चुकतील याचा अंदाज बांधते. मग त्यातली बरी चूक निवडून, भोळा चेहरा करून, ती सांगते. आपल्या प्रशिक्षणात आम्हाला हेच शिकवतात, मुलं कुठे कशी चुकतात ते ओळखा म्हणून. पस्तिशीतल्या शिक्षकांना येत नाही ते. आणि ही ते तुझ्यासाठी करते, कारण तू टाळी वाजवली होतीस.

मी तिला सांगितलं, तसं करायचं नाही, तो फक्त व्हिडिओ होता. ती म्हणाली, "पण तुम्ही कुठे सांगितलं होतं? मोठ्या बाईंनी सांगितलं होतं." मी म्हटलं, मीही तुझी बाईच आहे ना. ती म्हणाली, "हो. पण त्या तुमच्या पण बाई आहेत."

तू माझी बाई आहेस हे तिला कुणी सांगितलं? मी सांगितलं नव्हतं.

मग तिने विचारलं, "त्या परत कधी येणार? माझं झालं ना आता खूप दिवस. पुढच्या वेळी मला बरोबरचं देतील का?"

आता हे वाच. याच आठवड्यात तुझ्या कार्यालयाची चाचणी झाली. चाचणी घ्यायला आलेल्या बाईंनी थांबाला ओळखलं. "अगं, तू ती व्हिडिओतली ना? जड असतं ते?" थांबाने मान डोलावली. तेव्हाच तिने ठरवलं असणार की हेही तेच काम आहे. सगळं चुकवलं. एकेक उत्तर नमुनेदार चुकीचं. त्या बाई मला म्हणाल्या, "तुमच्या या मुलीच्या चुका अगदी पुस्तकातल्यासारख्या आहेत हो, शिकवायला वापरता येतील."

यादी आज आली. थांबा कच्च्या गटात. सहामाहीनंतर कच्चा गट वेगळा बसणार, जिन्याखालच्या खोलीत, आणि त्यांना छापील कागद सोडवायला देणार. हाताच्या कोपऱ्यात यायचं नाही, कारण "साहित्यामुळे त्यांचं लक्ष विचलित होतं". हे वाक्य तुझ्या सहीच्या वर आहे. ज्या टबात तिने ते शोधून काढलं, तो टब तिच्या वाक्यामुळे वाचला, आणि आता तिने त्याला हात लावायचा नाही. ताई, तू यावर सही करताना कागद वाचतेस का? की जेवता जेवता करतेस?

संध्याकाळी तिची आई आली होती. गट बदलला म्हणून हेडसरांनी चिठ्ठी पाठवली होती. दारात उभी राहून म्हणाली, "बाई, हिला गणित जड जातंय का? आधी तर सांगितलं नाहीत." थांबा दप्तर घेऊन तिच्या मागे होती. 'जड' हा शब्द ऐकला आणि लगेच, अगदी मोठ्याने, व्हिडिओतल्यासारखं, ती म्हणाली, "जड असतं ते बुडतं."

आई कौतुकाने माझ्याकडे बघून हसली. "बघा, अजून पाठ आहे."


९ ऑक्टोबर

ताई,

तुझं पत्र मिळालं. टंकलिखित, कार्यालयाच्या कागदावर, जावक क्रमांकासह. वर 'प्रति, वर्गशिक्षिका, इयत्ता दुसरी'. मला वाटलं आत तरी एखादी ओळ हाताने असेल. उलटून पाहिलं. नव्हती.

तू लिहितेस की गटवारी चाचणीच्या गुणांवर होते, चेहऱ्यावर किंवा शिक्षकांच्या मायेवर नाही. तू लिहितेस की मुलं असं मुद्दाम चुकत नाहीत, त्या वयात तशी योजना करण्याची क्षमता नसते, आणि यावर अभ्यास झालेले आहेत. तू लिहितेस की तरीही विनंतीचा मान ठेवून फेरचाचणी घेण्यात येईल.

फेरचाचणी काल झाली. तुला अहवाल पोचला असेल. त्यात नसेल ते मी सांगते.

या वेळी एक सर आले होते. चांगले होते. थांबाला खडीसाखर काय, गोड बोलणं काय, सगळं दिलं. मी खिडकीबाहेर व्हरांड्यातल्या कपाटापाशी उभी होते, आत जायची मला मनाई होती. त्यांच्या गळ्यात तुझ्यासारखंच ओळखपत्र, तीच निळी फीत. थांबाने ते बघितलं आणि विचारलं, "कॅमेरा कुठंय?" सर म्हणाले, "आज कॅमेरा नाही, बाळ." ती म्हणाली, "बरं. मोठ्या बाईंनी पाठवलंय ना?" सर म्हणाले, "हो."

झालं. तिथेच चाचणी संपली.

सकाळी मी तिला तासभर समजावलं होतं. आज सगळं बरोबर सांग, तुझ्यासाठी चांगलं आहे, खोलीत नाही जावं लागणार. तिने ऐकून घेतलं होतं. दुपारी बाहेर आल्यावर तिला माझ्याकडे बघवेना. मी विचारलं, काय ठरलं होतं आपलं? ती रडायला लागली. "बाई, मी बरोबर सांगणार होते. पण मग मोठ्या बाई म्हणाल्या असत्या, दिलेलं काम केलं नाही."

हिला तू खोटारडी म्हणणार आहेस की कच्ची? तुझ्या अभ्यासात या मुलीसाठी कुठला रकाना आहे? सात वर्षांच्या मुलीने तुझा शब्द माझ्यापेक्षा, आईपेक्षा आणि स्वतःच्या डोळ्यांपेक्षा मोठा मानला. माणसं आयुष्यभर साहेबांच्या खुर्च्या पुसतात तरी त्यांच्यात एवढी निष्ठा येत नाही. आणि त्या निष्ठेचं बक्षीस, जिन्याखालची खोली.

मला आधी वाटत होतं की राग तुझ्या व्हिडिओचा आहे. तो राहू दे. मी खरंच सांगते, राहू दे. तुमचं सगळं वर्षाचं नियोजन त्यावर उभं आहे, तो सगळ्या शाळांना गेलाय, आता तो खोटा म्हणायला तुला परवडणार नाही, हे मला कळतं. यादीशी मी भांडेन. हेडसरांशी भांडेन, ते निदान माझ्याशी बोलताना घाबरतात. गट बदलता आला नाही तर मी टब उचलून जिन्याखालच्या खोलीत घेऊन जाईन, मग काय करायचं ते तुम्ही करा. त्या कोपऱ्यात नुसत्या पाटीने राहावं.

पण एक गोष्ट माझ्या हातात नाही. ते काम मी तिच्याकडून काढून घेऊ शकत नाही. मी सगळं करून पाहिलं. गोड बोलून, ओरडून, व्हिडिओ पुन्हा दाखवून. परवा वकिलाला पुढे करून पाहिलं. तो बिचारा टेबलावर उभा राहून म्हणाला, "ए थांबा, ती वाटी तुझी होती, मी फक्त बोललो." तिने त्याचं शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाली, "तुला बरोबरचं दिलं होतं ना, मग तू कशाला रागावतोस?" ज्याने काम दिलं त्यानेच ते संपलं म्हणायचं, असा तिचा हिशेब आहे, आणि मला त्यात चूक काढता येत नाही.

म्हणून मागते. एक दिवस माझ्या वर्गात ये. दिवसही नको, मधल्या सुट्टीपर्यंत. कॅमेरा नको, हेडसर नकोत, ते ओळखपत्र घरी ठेवून ये. तिच्या बाकाशी बस. तिथे खुर्ची मावत नाही, खाली बसावं लागेल. आणि तिला सांग की 'तू चुकीचं सांगायचं' हे वाक्य तुझं होतं, ते काम संपलं, आणि तिने ते फार चांगलं केलं. हे शेवटचं सांगच, नाहीतर तिला वाटेल काहीतरी चुकलं म्हणून काढून घेतलं. मग टबापाशी जा आणि तिला सांग, दोन गोळे कसे केलेस ते मला दाखव. ती दाखवेल. तिला वेळ लागेल. तू फोन बघू नकोस.

तू येणार नाहीस हे मला माहीत आहे. तू तुझ्या लेकीच्या हाती निरोप पाठवशील की या आठवड्यात शक्य नाही, पुढच्या महिन्यात बघू, आणि पुढच्या महिन्यात सहामाही संपलेली असेल. किंवा पुन्हा जावक क्रमांक येईल. किंवा तू म्हणशील, एका मुलीसाठी मी असं केलं तर उद्या प्रत्येक शाळेतून असं पत्र येईल. येऊ दे ना, ताई, तेवढी सगळी पत्रं यायला हवीत.

गुरुवारी माझ्या वर्गाला पहिले दोन तास पाण्याचे आहेत. येशील?

धाकटी